पापडावरचे लाल डाग

यावलला मी मुलींना शिकवत असे, तेव्हाची गोष्ट. मी स्वतः घरीच पुस्तकं वाचून शिकलेली. आम्ल म्हणजे काय, अल्क म्हणजे काय, हे सांगता सांगता माझाच जीव थकून जाई, अन् पोरी जांभया देत. एके दिवशी नुकतंच लग्न झालेली एक पोर रडत आली. घरच्या पापडांवर लाल डाग पडले होते. सासू म्हणाली होती, "विटाळात पिठाला शिवलीस. आता शाळा बंद!"

मी वाटीतल्या पाण्यात पापडाच्या पिठात घालतात तो केळीच्या राखेचा पापडखार कालवला अन् चिमूटभर हळद टाकली. पाणी लाल झालं. लिंबू पिळलं तर फसफसून पुन्हा पिवळं! जांभया कुठच्या कुठे गेल्या.

"म्हणजे हळदीचा हात लागला," ती पोर म्हणाली. "पण बाई, वरण तर सासूबाईंनी केलं होतं!"

"हे घरी बोलू नकोस गं."

संध्याकाळी दमलेले पाय ओढत मीच वाटी घेऊन तिच्या सासरी गेले अन् तेच पुन्हा करून दाखवलं. सासूने सगळं पाहिलं अन् आपली पिवळी बोटं पदराखाली घेतली.

"उद्या येईल ती," म्हणाली. "पण अक्का, आधी पापड लाटून."

आली खरी. बसल्या बसल्या झोपली. मी उठवलं नाही.