दादाच्या सिंगलची मागची बाजू

बॅन्डवाल्यांना गाणी कमी आणि किस्से जास्त पाठ असतात. आमच्याकडे तर एकट्या हरेशदादाच्याच किश्श्यांचा ढीग पडलाय. दादा आमचा सिंगर. कोलशेतचा, साठीला टेकलेला, केस अजून खांद्यापर्यंत. मी डोंबिवलीचा, बेस गिटार वाजवतो, म्हणजे त्याच्या बाजूला उभा राहून सगळं बघतो.

गेल्या वर्षी दादाच्या घशाचं ऑपरेशन झालं. आवाज परत येईल का, कुणीच सांगेना. डॉक्टरांनी वहिनींना विचारलं, "तीन महिने अगदी गप्प राहतील ना हे?"

"तुम्ही सहा सांगा," वहिनी म्हणाल्या, "म्हणजे दीड तरी राहतील."

•

तोंड उघडायची परवानगी मिळाली आणि दादाने सिंगल, म्हणजे एकच सुटं गाणं, काढायचं ठरवलं. डॉक्टर म्हणाले, स्टुडिओत बेताने गा, पण मी तपासल्याशिवाय स्टेजवर पाय ठेवायचा नाही. याचा जीव नेमका स्टेजवर अडकलेला. "लोकांसमोर नाय गायलो तर कमबॅक कसला रे?" म्हणायचा.

•

त्यात हट्ट असा, की सिंगलला दोन बी-साइड, म्हणजे जुन्या तबकडीच्या मागच्या बाजूला असायची तशी जोडगाणी, हव्यातच. स्टुडिओतला मंदार समजावत होता, "दादा, आता सगळे मोबाइलवर ऐकतात. मोबाइलला दुसरी बाजू नसते."

"मंग उलटा करून ऐकतील," दादा म्हणाला. दोन्ही बी-साइड झाल्या.

•

त्यातली एक मुळात चुकून झाली. गळा गरम करायला दादा हळदीचं गाणं गात होता, आम्ही मागे वाजवत होतो, आणि मंदार रेकॉर्डिंग बंद करायला विसरला. पुढे शहाडला दादाच्या पुतणीच्या हळदीत डीजेने तेच लावलं. अख्खा मांडव नाचला. मग त्याने आमचं मेन गाणं लावलं, तर सगळे जेवायला बसले.

मला कसंतरीच झालं. दादा मात्र खूश. "अरे, नाचताना कोन ऐकतंय? आता बग, बसून ऐकतान." आणि त्याने मटण वाढून घेतलं.

•

शेवटी तपासणीचा दिवस आला. ठाण्यातलं क्लिनिक पेशंटनी भरलेलं. दादा आत, मी आणि वहिनी बाहेर. वहिनींनी सकाळपासून चहासुद्धा घेतला नव्हता.

आतून डॉक्टरांचा आवाज आला, "आता जरा मोठ्याने 'आ' करा."

दादाने सिंगलमधला सगळ्यात वरचा सूर लावला. आणि धरून ठेवला. काचेचं दार थरथरलं. मला रडू फुटलं, खोटं कशाला बोलू? वहिनी माझा हात घट्ट धरून म्हणाल्या, "आला रे, आला."

समोरच्या बाकावरच्या आजी उठल्या. पर्स काखेत मारली आणि काउंटरवरच्या मुलीला हळूच म्हणाल्या, "माझं नाव काढ गं बाळा. मी आपली घरीच गुळण्या करते."