मोकळी जागा, अकरा घरं

"बाजूला सर गं. झाडाचा फोटू हाय, तुजा न्हाई."

शुभांगी मला असं म्हणाली तेव्हा मी मोजणीची उंच पट्टी धरून तिच्या आंब्याखाली उभी होते. दिवसाच्या हजेरीवर. विट्याच्या वरच्या अंगाला आमचं गाव. गावातून कालवा जाणार म्हणून मोजणीदार आले होते. शुभांगी शेताच्या मालकाची सून. हायस्कुलात पाच वर्षं माझ्याच बाकावर बसायची, भूमितीच्या आकृत्या माझ्या वहीतून उतरवायची. मी सरले. मग तीच झाडाला टेकून उभी राहिली. तिचा फोटो मात्र चालला.

आंब्याच्या बुंध्यावर पांढऱ्या रंगाने नंबर पडला. मग शेजारच्या झाडावर. विहीर, पाइपलाइन, गोठा, सगळं भरपाईच्या कागदावर चढलं. बांधावरची एक चिंच राहिली, तर शुभांगीचे सासरे अण्णा मोजणीदाराला हाताला धरून मागं घेऊन गेले. तोही हो अण्णा, हो अण्णा करत गेला.

मला हेवा वाटला. लपवून काय करू? शुभांगीच्या स्लॅबच्या घराचा, दारातल्या नळाचा हेवा रोजचाच. त्या दिवशी मला चिंचेचा हेवा वाटला. झाडावर जळणारी बाई तुम्ही पाहिली नसेल. माझ्याकडे बघा.

दुपारी आम्ही गायरानात आलो. तिथं आमची वडारांची अकरा घरं. माझ्या बापानं जन्मभर दुसऱ्यांच्या कालव्यांसाठी दगड फोडला आणि ह्याच माळावर डोळे मिटले. मी पट्टी धरली ती माझ्या चुलीपासून चार पावलांवर. आई उंबऱ्यात ज्वारी निवडत होती. मोजणीदार दुर्बिणीला डोळा लावून आकडे सांगत होता. त्याला पट्टीवरच्या रेघा दिसत होत्या. मागचं घर दिसत नव्हतं.

मग जीपच्या बॉनेटवर पंचनामा लिहिला गेला. त्याला दोन साक्षीदार लागतात, दोन पंच. एक सही अण्णांनी केली. दुसरी माझ्याकडून घ्यायची ठरली, कारण लिहिता-वाचता येणारं माळावर तेव्हा दुसरं कुणी नव्हतं. मोजणीदारानं पेन पुढं केलं.

मी वाचलं. गायरान. सरकारी. पड. मोकळी जागा.

घरांचं विचारलं, तर तो म्हणाला, सरकारी जागेत घर नसतं, अतिक्रमण असतं. रागावला नाही. लहान पोराला पाढा सांगावा तसं सांगितलं. अण्णा हसले. "सई कर की गं. एवढा मान कवा मिळालाय तुमास्नी?"

खरं सांगते, माझा हात पुढं गेला होता. अण्णांच्या नावाखाली माझं नाव येणार होतं. शुभांगीचं कुठल्याच कागदावर नव्हतं. आंबा सासऱ्याचा, विहीर सासऱ्याची. सरकारी कागदावर माझी सही असणार, तिची नाही. एवढ्या एका जळण्यापायी मी माझ्या आईला उंबऱ्यातून पुसायला निघाले होते.

आईनं मान वर केली. "काय लिवलंय गं?"

मला वाचून दाखवता येईना. वर्गात पहिली येणारी मी. चार शब्द तोंडातून फुटेनात. माझी मलाच लाज वाटली, आणि मग राग आला.

मी पेन बॉनेटवर ठेवलं. "सायेब, आतिक्रमण लिवा. पण लिवा. घरं मोजा, माणसं मोजा. मोकळी म्हणून मी सई करणार न्हाई."

मोजणीला मजूर अण्णाच लावत होते. त्यांनी सांगितलं, उद्यापासून पट्टीला येऊ नकोस. जीप दुसरा पंच शोधायला गावात गेली. मिळालाही असेल. गावात सही करणाऱ्यांना काय तोटा?

कालवा नको असं मी म्हणत नाही. पाणी आमच्याही घशाला लागतं. आणि शुभांगीचा हेवा गेलाय, असंही खोटं सांगणार नाही. दुसऱ्या दिवशी मी अकरा घरांची नावं लिहिली, म्हाताऱ्यांपासून तान्ह्या पोरांपर्यंत, आणि हरकतीचा अर्ज घेऊन तालुक्याला गेले. कारकून म्हणाला, ठेवून जा, बघतो. मी पोच मागितली. त्यानं दिली नाही. मी अर्ज परत घेऊन आले.

उद्या पुन्हा जाणार आहे. ह्या खेपेला अकराही घरं येतील, आई पुढं असेल. अर्जावर शिक्का पडल्याशिवाय आम्ही ते दार सोडणार नाही, आणि तोवर आमच्या माळावर कुणाला पट्टी टेकवू देणार नाही.