दादाची सूर्यचूल

दादा वर्गात शिकवता शिकवता गेला. निरोप घेऊन शाळेचा शिपाई नया बाजारात माझ्या दारी आला, तेव्हा मला रडू नंतर आलं, आधी राग आला. गेलेल्या माणसाचं वाईट बोलू नये म्हणतात. शोकसभेत सगळे चांगलंच बोलले... आता माझी पाळी.

माझा हा थोरला भाऊ हायस्कुलात विज्ञान शिकवायचा, आणि झकास शिकवायचा. संस्थान विलीन झालं, मध्यभारत राज्य आलं, तेही गेलं, आमच्या शहरातली राजधानी भोपाळला हलली; बदलीच्या धास्तीने घरोघरी नोकरदारांची झोप उडाली होती. दादा वर्गात म्हणायचा, "राजा गया, राजधानी गई. सूरज का तबादला कोई नहीं कर सकता!" बिरलानगरच्या गिरणीकामगारांची मुलं हाताशी घेऊन त्याने फुटक्या आरशांच्या तुकड्यांची सूर्यचूल केली. लाकूड संपेल, कोळसा संपेल, ऊन संपणार नाही, हे त्याने खिचडी शिजवून पटवलं. मुलांच्या पंगतीत बसून ती खाल्लीही. मी पाहायला गेले होते. ऊर भरून आला माझा.

आणि घरी, दाणाओळीत, वहिनी ओल्या लाकडांवर फुंकत बसलेली. डोळे कायम लाल. "धूर बंद करा, नाहीतर नजर जाईल," असं डॉक्टरांनी दादाच्या तोंडावर सांगितलं होतं. त्याच संध्याकाळी मी विषय काढला.

"दादा, ती चूल आपल्या अंगणात आण ना."

"शाळेचं शाळेत. कुणाकुणाचे हात लागलेत तिला. इथे देवाचा नैवेद्य शिजतो."

"मग तू खिचडी कशी खाल्लीस?"

"ते शिक्षण होतं."

"बरं, घरासाठी वेगळी कर."

"चुलीची काय परेशानी आहे? आईने जन्मभर फुंकली."

वहिनी दारातच उभी होती. "राहू द्या, वन्सं," एवढंच म्हणाली.

पुढे तिला तांदळातले खडे दिसेनासे झाले. आणि घासात खडा आला की हा विज्ञानाचा मास्तर ताट सरकवून उठायचा! शोकसभेत हे कुणी सांगितलं नाही.

तेरावं झाल्यावर मुलांनी सरांची आठवण म्हणून ती चूल घरी आणून दिली, आरसे उन्हाकडे वळवून दिले. वहिनीने चाचपडत डाळ-तांदूळ धुतले, पातेलं ठेवलं आणि शेजारी पाट घेऊन बसली. फुंकणी नाही, खोकला नाही. थोड्या वेळाने झाकण खुडखुडू लागलं. वाफेचा वास आला तशी तिने माझ्याकडे तोंड वळवलं.

"एवढंच होतं, वन्सं?"

"हो वहिनी," मी म्हटलं, "एवढंच."