लांगीचं चालणं

माझा नवरा आपेलू शंख लवकर फुंकतोय, हे सगळ्यात आधी माझ्या लक्षात आलं. तारोचे कंद अजून चुलीवर कच्चेच आणि हा शंख घेऊन अंगणात उभा. गावाला वाटलं, दिवस लहान झाले असतील. आमच्या सवाई बेटावर दिवस काही इतके लहान होत नाहीत, पण शंखाशी वाद कोण घालणार?

शंख वाजला की संध्याकाळची प्रार्थना. जो तो आपापल्या घरात. रस्त्यावर गावचे तरुण काठ्या घेऊन उभे राहतात आणि कुणी चालताना सापडलं तर त्याच्या घराण्याला पंचायत दंड करते. आपेलू आमच्या घराण्याचा कर्ता, शंखाचा मान त्याचा. आणि संध्याकाळी, शंखाच्या आधी, रस्त्यावर मुद्दाम पाय मोकळे करणारं माणूस गावात एकच होतं: त्याची थोरली बहीण, माझी नणंद लांगी.

लांगी शाळेत शिकवते. हसली की समोरच्या घरातली कोंबडी उठून जाते. न्यूझीलंडला जाऊन ऑपरेशन करून आली तेव्हा मात्र आवाज खाली आला होता. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, औषध चुकवू नका, वजन उतरवा, चरबीचं कमी करा, बिअर बंद, आणि रोज चाला. दुखणं परत येऊ नये म्हणून आपल्या हातात जे आहे ते हेच. दिवसभर शाळा आणि वर रणरणतं ऊन, म्हणून तिने संध्याकाळ धरली. पुलापर्यंत जायचं आणि परत यायचं, दम लागेल तिथे बसत बसत.

हे सगळं तिने मला सांगितलं. आपेलूला सांगितलं नाही, कारण सांगता येत नव्हतं. बहिणीच्या अंगाचा विषय भावासमोर निघत नाही. ती खोलीत असताना कुणी वावगा विनोद केला तरी भाऊ उठून बाहेर जातो. त्यात हा आजार छातीचा. आपेलूला घरच्यांनी "पोटाचं काहीतरी" एवढंच सांगितलं होतं.

मग त्याने आपल्या परीने सेवा मांडली. भावाने बहिणीला मान द्यायचा, पहिला घास तिचा, ही आमची रीत, आणि हा रीतीचा पक्का. रविवारी डुकराच्या पाठीचा चरबीचा तुकडा तिच्या पानात.

"घे ताई. पार वाळलीस."

"वाळायचंच आहे मला. तारोच्या पानांची भाजी दे, नारळाचं दूध न घातलेली."

"ती आजाऱ्याला देतात का? एसेता, सांग हिला."

"मला मधे घेऊ नका," मी म्हणाले. "तुम्ही दोघं भांडता आणि ताट मी उचलते."

तिने तुकडा बाजूला सारला की त्याचं तोंड एवढंसं व्हायचं. गावात कुजबूज होतीच. बहीण सुकतेय, म्हणजे भाऊ खायला घालत नसेल.

आणि शंख रोज थोडा आधी. लांगी पुलाऐवजी चर्चपाशी वळू लागली, मग दुकानापाशी. एकदा मी आपेलूला चुलीशी गाठलं.

"सूर्य अजून वर आहे."

"मग?"

"मग तुझ्या बहिणीने चालायचं कधी?"

"चालूच नये," तो म्हणाला. "आई अशीच चालता चालता गेली. तारोची टोपली पाठीवर होती. मीच उचलून आणली तिला."

मला त्याचा संताप आला आणि कीवही आली. लांगीला सांगावं तर गावभर नवऱ्याची अब्रू जाणार, न सांगावं तर तिचं चालणं जाणार. मी गप्प बसले.

शेवटी व्हायचं ते झालं. लांगी दम लागून रस्त्याकडेला बसली होती, तेवढ्यात शंख वाजला. पोरांनी मान खाली घालून तिला हटकलं. पंचायतीत आपेलूने आपलंच डुक्कर दंड म्हणून दिलं आणि सगळ्यांसमोर सांगून टाकलं, ताई उद्यापासून घराबाहेर पडणार नाही.

दुसऱ्या संध्याकाळी मी तिच्या घरी गेले आणि शंखाचं सगळं सांगितलं. ती उठली आणि सरळ आमच्या अंगणात आली. आपेलू शंख पुसत होता.

"तू लवकर वाजवतोस."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी नजर हटवली नाही.

"तुझ्याच भल्यासाठी, ताई. आई..."

"आई चालल्याने गेली नाही," लांगी म्हणाली. "आईच्या छातीत गाठ होती. फुटलेली. ती गेल्यावर मी तिला आंघोळ घातली, तेव्हा पाहिली. कुणाला दाखवली नव्हती तिने. तसलीच माझ्या छातीत होती. ती कापून टाकलीय."

आमच्या घरात असं कधी कुणी बोललं नव्हतं. आपेलूची मान इतकी खाली गेली की मला वाटलं, हा आता उठून निघून जाणार आणि बहिणीशी पुन्हा कधी बोलणार नाही. लांगी जागची हलली नाही.

"मला जगायचंय, आपेलू. त्यासाठी रस्ता लागतो."

सूर्य बुडाला. घराघरांतून लोक वाट पाहत होते, शंख का नाही. काठ्यावाली पोरं आमच्या फाटकापाशी येऊन उभी राहिली. आपेलूने मान वर केली नाही.

"पुलापर्यंत जाऊन ये," तो शेवटी म्हणाला.

"आणि शंख?"

"माझ्या हातात आहे."

पोरं बाजूला झाली. लांगी हळू चालते, आणि त्या दिवशी तर तिने मुळीच घाई केली नाही. आपेलू मांडीवर शंख घेऊन रस्त्याकडे पाहत बसला. गालावरून पाणी वाहत होतं आणि तो पुसत नव्हता.

गावाची प्रार्थना अंधारात झाली. दुसऱ्या दिवशी नळावर बायकांनी मला विचारलं, काल शंखाला काय झालं होतं? मी सगळं सांगितलं. छाती हा शब्द गाळला नाही. ऐकता ऐकता एकीने हातातली बादली खाली ठेवली आणि मला बाजूला घेऊन गेली.