झडपेला पाजलेलं जवसाचं तेल

अडकलेली झडप सैल व्हावी म्हणून मी तिच्यात जवसाचं तेल ओतलं. सांगून टाकते एकदाचं. वाटीभर, तेही सासूच्या बरणीतलं, न विचारता. जवसाचं तेल भाकरीवर खावं, नाहीतर सुताराकडून दाराच्या चौकटीला फासून घ्यावं. का? तर ते वाळून घट्ट बसतं. रिठदला माहेरी मी लहानपणी अशाच तेल फासलेल्या चौकटीला बोट लावून पाहिलं होतं. बोट चिकटलं होतं. पण अकोल्याहून नर्सिंग शिकून आलेल्या बाईला असल्या गावठी गोष्टी कशाला आठवतील!

तेव्हा, एकोणीसशे पन्नासच्या पुढच्या वर्षांत, मी अकोल्याकडच्या मालेगावात फिरत्या दवाखान्याच्या मोटारीवर नर्स होते. पांढरं लुगडं, केसांत आकडे, आणि नाक असं वर, की चिमणीनं घरटं बांधावं. मोटारीत एक खाट, एक स्टोव्ह आणि हात धुवायचं बेसिन. बेसिनचं घाण पाणी खालच्या पत्र्याच्या टाकीत साचायचं. टाकीच्या बुडाला सरकती झडप. दांडी ओढली की टाकी रिकामी. पण साबणाचा चिकटा, कापूस, केस खाचेत बसले की ती अडायची. ती चालू ठेवणं माझं काम.

सासूला माझी नोकरी मुळातच नको होती. कापूस वेचायला दोन हात कमी पडत होते. नवऱ्याचं मत विचारू नका. आईनं जांभई दिली की त्याला झोप यायची.

शनिवारी मी तेल ओतत होते, तेव्हा डायवर बिडी ओढत उभा होता.

"बाई, तेल कायले ओतून राह्यल्या? तिले लाथ लागते."

"तुमाले मशिनीतलं काय समजते?" मी म्हटलं. रोज मोटार हाकणाऱ्या माणसाला!

रविवारभर मोटार वैशाखाच्या उन्हात तापली. सोमवारी मेडशीला गेलो. लेकुरवाळ्या बायांची ओळ लागली. दुपारपर्यंत बेसिन तुंबलं आणि घाण पाणी डॉक्टरांच्या बुटांवर सांडलं. डॉक्टर पुण्याकडचे. रोग्यापेक्षा विजारीच्या इस्त्रीची काळजी जास्त.

"निघायच्या आत ही टाकी रिकामी झाली नाही, तर मी दुसरी बाई बघतो," ते म्हणाले.

मी दांडी ओढली. हलेना. लाथ मारली, तर चपलेचा अंगठा तुटला. शेवटी मोटारीखाली उताणी शिरले. खाचेत तेलाचा तपकिरी डिंक झाला होता. बोट लावलं. चिकटलं. आत्ता कुठं माहेरची चौकट आठवली! स्वतःच्या अकलेला मी ज्या शिव्या दिल्या, त्या ओळीतल्या बायांनी कान देऊन ऐकल्या.

मग स्टोव्हवर धुण्याचा सोडा घालून पाणी उकळलं, त्यात फडकं भिजवून झडपेभोवती गुंडाळलं. डिंक मऊ झाला की केसांतल्या आकड्यानं खाच खरवडायची, पुन्हा फडकं, पुन्हा आकडा. आकडे वाकले, अंबाडा सुटला. डायवरनं जॅकचा दांडा पुढं केला.

"लाथ नाही मारत आता?"

"गुमान बसा ना जी."

दोन्ही बाजूंनी हलके ठोके दिले. झडप करकरली आणि खाडकन उघडली. आणि मी कुठं होते? बरोब्बर तिच्याखाली, तोंड उघडं ठेवून. शिकलेली ना!

"अवं माय," ओळीतली एक म्हातारी ओरडली, "नर्सबाईनं त भर दुपारी आंघोळ केली!"

हशा पिकला. डॉक्टरांनी नाकाला रुमाल लावला आणि हात धुवायला पाणी मागितलं. दुसऱ्या बाईचं नावही काढलं नाही. मी शेजारच्या बैलगाडीला टांगलेल्या नळक्यातलं, चाकाला लावायचं बोटभर काळं वंगण घेतलं आणि खाचेत भरलं. दांडी सुळसुळ फिरू लागली. त्याच वंगणानं लहानपणी माझे सगळे परकर डागाळले होते, तरी मला तेल सुचलं ते स्वयंपाकघरातलं.

संध्याकाळी घरी आले, तर सासू ओट्यावर बसलेली. माझा वास माझ्या आधी पोचला असावा. तिनं पदर नाकाला लावला.

"नौकरी गेली का?"

"नाही गेली."

तिनं मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. मी मान खाली घालून उभी. आता ही नोकरी सोडायला लावणार, अशी माझी खात्रीच झाली होती. मग ती म्हणाली,

"मंग उद्याले जुनं लुगडं नेसून जाय. अन् पगार झाला का मायी बरणी भरून ठेव."