नापास बिरडं

आमच्या सासूबाईंच्या राज्यात वालाच्या बिरड्याला एकच कसोटी होती: दाणा अख्खा राहिला पाहिजे. वाल भिजवा, मोड काढा, एकेक सोला, सगळं करा. पण शिजताना एक जरी दाणा मोडला तरी "नापास" हा शेरा ठरलेला. लग्न होऊन झरीला आले तेव्हापासून मी नापासच. थोरल्या जाऊबाई मात्र कायम पहिल्या नंबरात. त्या बिरड्यात चमचा घालतच नसत, कढई दोन्ही कानांना धरून अलगद हलवायच्या आणि मी मनातल्या मनात जळायचे.

गेल्या हिवाळ्यात सासूबाईंचे उरलेसुरले दात काढावे लागले. हिरड्या भरून आल्याशिवाय कवळी बसणार नव्हती, म्हणून त्या झरीहून डहाणूला आमच्या बिऱ्हाडी राहायला आल्या. पेज पुढे ठेवली की म्हणायच्या, "आज माझा उपास." वार कुठलाही चालायचा. इतके उपास देवानेही मागितले नसते. बोळक्या तोंडानं जेवताना कुणी बघू नये, एवढंच खरं कारण होतं. हातातल्या बांगड्या कोपराकडे सरकायला लागल्या तशी मी घाबरले. या हट्टापायी बाई अंथरूण धरते की काय, असं वाटायला लागलं.

अशात एका रविवारी त्यांचे धाकटे भाऊ आणि भावजय आशागडहून जेवायला यायचे होते. मामांना बिरडंच हवं होतं. ते करायला जाऊबाई सोललेले वाल घेऊन सकाळीच झरीहून आल्या. आमच्या घरात थोरल्या माणसानं पहिला घास घेतल्याशिवाय कुणी ताटाला हात लावत नाही. आणि सासूबाई आतून म्हणाल्या, "त्यांना सांगा, माझा उपास आहे. मी पडून राहते."

कढईत वाल शिजले होते, मऊ आणि अख्खे. जाऊबाई थोडा वेळ त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी ते सगळे मिक्सरच्या भांड्यात ओतले.

"वहिनी! अहो, हे काय करताय?"

"तू लसूण सोल. आणि भाकऱ्या राहू देत, घावन घालू."

ओलं खोबरं, हिरवी मिरची, कोथिंबीर, लसूण, मीठ, वर लिंबू पिळलेलं. मिक्सर दोनदा घरघरला आणि लोण्यासारखं हिरवट वाटण तयार झालं. वर जिरं-हिंगाची फोडणी. शहरात राहून डिप म्हणून डबीतलं काहीबाही विकत आणणारी मी नुसती बघत राहिले. ज्या अख्ख्या दाण्यावर या बाईनं इतकी वर्षं नाव कमावलं, तोच तिनं डोळ्याची पापणी न हलवता मोडला होता. त्या क्षणी मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं.

मामा-मामी आले. पानं वाढली. जाऊबाई आतल्या खोलीच्या दारात जाऊन म्हणाल्या, "आई, मीठ तरी बघायला या. तुमच्याशिवाय कोण सांगणार?"

मीठ म्हटल्यावर सासूबाईंना राहवेना. तोंडावर पदर धरून त्या बाहेर आल्या. त्यांनी सगळ्यांच्या ताटांवरून नजर फिरवली. मामांच्या, मामींच्या, आमच्या, सगळ्यांच्या ताटात तेच वाटण, तेच मऊ घावन. चावायचं कुणालाच काही नव्हतं. मग त्यांनी जाऊबाईंकडे पाहिलं. जाऊबाई उगाच ओटा पुसायला लागल्या.

सासूबाई पाटावर बसल्या. पदराआडूनच पहिला घास घेतला. आमचे हात ताटाशी थांबलेले.

"ताई, हे काय नवीन?" मामांनी बोट चाटत विचारलं.

त्यांनी सावकाश घास गिळला आणि माझ्याकडे वळल्या. "नीट बघ गं तुझ्या ताटात. एक जरी दाणा अख्खा सापडला तरी नापास."

आणि तोंडावरचा पदर खाली टाकून त्यांनी दुसरं घावन मागितलं.