कोरड्या आडातली लिफ्ट

लिफ्टचा गर्डर माझ्या छातीला टेकला होता. वर पाण्याची टाकी बसवलेला टेम्पो, खाली सिमेंटची जमीन आणि मधे मी उताणी. पाना अजून हातातच होता. तोंडावर तेल उडालं होतं. डाव्या बाजूला हातभर अंतरावर आमचे मालक, म्हणजे माझा नवरा. ते गाडीखाली वाकून उभे होते, मी बसले होते. एवढाच फरक. गर्डर धाडकन आला तशी मी आडवी झाले. त्यांना तेवढा वेळ मिळाला नाही, ते दुमडले गेले. पण श्वास चालू होता.

"शांते," ते म्हणाले, "तेल चाललं सगळं."

तेल चाललं म्हणजे गाडी धरून ठेवायला काही उरणार नाही, हे मला कळत होतं. फुटलेल्या पाइपातून उरलेलं तेल निथळत होतं, आणि गर्डर बोट-बोट खाली येत होता.

आधी एक सांगते. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. अंगात आलेल्या बाईला मी तोंडावर म्हणायची – घुमून झालं असेल तर चल, पाण्याच्या रांगेत नंबर लाव. आम्ही लिंगायत, गळ्यात लिंग असतं, बाकी कशाला भ्यायचं हे आम्हाला कुणी शिकवलं नाही. तुमच्या पेपरातल्या सदरात लोक असले अनुभव लिहितात ते वाचून मला बरेचदा हसू येतं. आता माझ्यावर कुणाला हसायचं असेल तर हसा.

लातूर जिल्हा होऊन तीन-चार वर्षं झाली होती. नवीन कचेऱ्या, नवीन साहेब, आणि साहेबांच्या जीपगाड्या. आमचे मालक बसलिंग मूळचे लोह्याकडचे, नांदेडला एका वर्कशॉपमध्ये शिकलेले. जिल्हा झाला, काम वाढणार म्हणून आम्ही लातूरला आलो आणि नांदेड रोडला पत्र्याचं गॅरेज टाकलं. मागे दोन खोल्या, त्यात आम्ही दोघं आणि माझी सासू. तिला मी आत्या म्हणायची.

तेव्हा सगळीकडे गाडीखाली जायला खड्डाच असायचा. खड्ड्यात उतरून मान वर करायची, डोळ्यात माती. चाक काढायचं तर परत जॅक लावा. मालकांनी हैदराबादला एक लिफ्ट बघितली होती – जमिनीतून एकच जाड दांडा वर येतो आणि गाडी उचलून धरतो. तेव्हापासून डोक्यात तेच. जुन्या कॅलेंडरच्या मागे चित्र काढायचे. बाहेरचा नळा, आत सरकणारा दांडा, वर दोन आडवे गर्डर. कंप्रेसरची हवा तेलावर दाब देणार, तेल दांड्याला वर ढकलणार. सगळं बसत होतं. अडत होतं ते एकाच ठिकाणी. दांडा जेवढा वर यायचा, तेवढा आधी जमिनीत जायला पाहिजे. आणि आमच्या जागेत दोन हातांखाली काळा पाषाण.

तोड मी काढली. गॅरेजच्या पुढ्यातच जुना आड होता, दुष्काळात आटलेला. मी म्हटलं, "भोक तर तयारच हाय. आडातच सोडा की नळा."

ते माझ्याकडे बघतच राहिले. "चौथी शिकलीस म्हणं तू?"

"तुमी किती शिकलात?"

सुतळीला गाठी मारून आडाची खोली मीच मोजली. चाळीस हात. सुतळीचं टोक वर आलं ते कोरडं, नुसती धूळ. आडाच्या तोंडावर लोखंडी तुळया टाकल्या, त्यावर नळा बसवला, खाली आडात लोंबता ठेवला. वरून सिमेंट. बाजूला एक वीतभर भोक ठेवलं. लिफ्ट वर गेली की खाली टेकू द्यायला लोखंडी पाय करायचा होता, त्याच्यासाठी. तो पाय शेवटपर्यंत झाला नाही. भोकावर पत्रा टाकून ठेवला.

सिमेंट टाकायच्या दिवशी आत्या येऊन आडाशी बसली.

"कोरड्या घशानं आड झाकत नसतात. एक घागर पाजा त्याला, मंग झाका. माझ्या सासूनं सांगितल्यालं हाय."

मी म्हटलं, "माणसाला प्यायला न्हाई, आडाला कुठून पाजू? तुमच्या वाटणीचं ओता हवं तर."

ती उठून आत गेली. घरात दिवसाला दोन घागरी यायच्या, त्याही टँकरशी भांडून.

चार महिने लिफ्ट छान चालली. जीप वर जाताना बघायला रस्त्यावर माणसं थांबायची. मदतीला कोणी नसलं की बोल्टाला दुसऱ्या बाजूने पाना मी धरायची. लोक काय म्हणतात ते मी ऐकलं नाही, कुणी तोंडावर म्हणतही नव्हतं.

त्या दिवशी दुपारी महेबूब ड्रायव्हर टेम्पो घेऊन आला. मागच्या स्प्रिंगचा पाटा तुटलेला. टाकीत अर्धं पाणी होतं आणि नळाला कुलूप. तेव्हा वाटेत पाणी विकलं जायचं म्हणून कुलूप लावायचे. किल्ली पाणी जायचं त्या गावात, सरपंचाकडे.

मालक म्हणाले, "पाणी काढल्याबिगर वर घेत न्हाई. जीपचं मोजमाप हाय हे."

"कुलूप तोडलं तर माझी नोकरी जाईल, उस्ताद," महेबूब म्हणाला. "अन् पाणी सांडलं तर गाववाले मला गाडतील. तीन दिवस झाले, वाट बघून राहिलेत लोक."

मग मी बोलले. मीच. "अर्धीच टाकी हाय की. पेलतंय. घ्या वर."

लिफ्टने टेम्पो उचलला. पुरुषभर उंच गेला. आम्ही दोघं खाली गेलो. तेवढ्यात लाइट गेली, कंप्रेसर बंद पडला, पण दाब धरलेला होता म्हणून आम्ही काम सोडलं नाही. पाट्याचा बोल्ट निघाला, गाडीला हिसका बसला, टाकीतलं पाणी एका बाजूला आदळलं... आणि पाइप फुटला.

पुढचं वर सांगितलंच आहे.

मालकांकडे मान वळवलेली, म्हणून माझा कान जमिनीला टेकलेला होता. महेबूब जॅक शोधत पळत होता, पण जॅक शिरायला जागाच उरली नव्हती. मालक आता बोलत नव्हते, नुसते कण्हत होते. माझी बरगडी मोडली तो आवाज मी ऐकला. मग आत्याचे पाय दिसले. कमरेवर घागर. तिने भोकावरचा पत्रा पायाने सरकवला आणि घागर आडात उपडी केली.

"पी," ती म्हणाली. "पी आता. सोड माझ्या लेकाला."

मी मनात म्हटलं, म्हातारीला वेड लागलं. घरातलं शेवटचं पाणी होतं ते.

मग मला खालून आवाज आला. ओतलेलं पाणी कोरड्या दगडावर पडतं तो आवाज वेगळा. हा तसा नव्हता. पाण्यात घागर बुडवली की आधी डुबुक होतं, मग ती गडगडत भरते. तसा. एक झाली, मग दुसरी, मग तिसरी. चाळीस हात खोल कोरड्या आडात, माझ्या कानाखाली.

आणि गर्डर वर गेला.

लाइट नव्हती. कंप्रेसर बंद. तेल सगळं जमिनीवर. गर्डर माझ्या छातीवरून उठला आणि वीतभर वर जाऊन थांबला. माझे पाय महेबूबच्या बाजूला होते. त्याने दोन्ही घोटे धरले.

आत्या ओरडली, "माझ्या लेकाला आधी! तिला ऱ्हाऊ दे, त्याला काढ!"

महेबूबने मला ओढलं. हाताला जे लागलं ते त्याने ओढलं, त्याची चूक नाही. मला बाहेर टाकून तो परत वाकला. मालकांचा हात त्याच्या हातात आला होता. तेवढ्यात खालचा आवाज थांबला. एकदम.

गर्डर परत खाली यायला लागला. आत्या रिकामी घागर घेऊन आत पळाली. दुसरी घागरही रिकामीच होती, सकाळी मीच त्यातल्या पाण्यानं भांडी धुतली होती. महेबूबने घण घेतला आणि टाकीच्या कुलपावर मारला. दुसऱ्या दणक्याला कुलूप तुटलं. तोवर गर्डर जमिनीला टेकला होता.

पाणी संध्याकाळपर्यंत वाहत होतं, त्या भोकातून आडात. गल्लीतल्या सगळ्या बाया जमल्या होत्या. एकीनेही घागर लावली नाही.

तिसऱ्या दिवशी पोलिसांनी लिफ्ट काढायला लावली. नांदेडच्या कॉलेजातले एक मास्तर बघायला आले होते. म्हणाले, दांडा तिरका होऊन मधे अडकला असेल. मी म्हटलं, अडकला तर थांबेल, वर कसा जाईल? त्यांनी दांडा हलवून बघितला. सरळ होता, लोण्यासारखा सरकत होता. महेबूबला विचारलं. तो म्हणाला, "वर गेली साहेब. मी डोळ्यांनी बघितली." नळा बाहेर आला तेव्हा त्याच्या खालच्या टोकाला वीतभर हिरवं शेवाळ होतं. ओलं. आडात सुतळी सोडली, टोक वर आलं ते कोरडं. मास्तरांनी शेवाळ बोटाने खरवडलं, वास घेतला, आणि म्हणाले की उजेडाशिवाय, चार महिन्यांत, कोरड्या जागी हे धरत नाही. मग कॅलेंडरमागचं चित्र घेऊन मापं तपासली.

"मोजमाप बरोबर आहे," म्हणाले. "जीपसाठी."

पुढे मी बऱ्याच शिकलेल्या लोकांना विचारलं. सध्या भाचीकडे नांदेडजवळ विष्णुपुरीला असते, तिथल्या कॉलेजामुळे इंजिनिअर पुष्कळ भेटतात. ऐकून घेतात, मान हलवतात, चहा पितात. देव म्हणावं तर त्याने मोजून एकाच माणसापुरतं का केलं, आणि त्यातही चुकीच्या माणसाला का वाचवलं?

आत्या त्यानंतर चौदा वर्षं जगली, माझ्याच हातचं खाऊन. त्या दिवसाबद्दल ती एकदाच बोलली. मी तिच्या डोक्याला तेल लावत होते.

"पाणी म्या त्याच्यासाठी वतलं होतं."

"माहीत हाय," मी म्हटलं.

गाडीखाली आम्ही दोघं होतो. मी वाचले.